शेवटचे तीस फूट

शिशावर नखानं ओरखडा काढता येतो. शिशाची नळी वाकवायला भट्टी लागत नाही; सराईत माणूस ती गुडघ्यावर टेकवून हवी तशी वळवतो. ३२७ अंश सेल्सिअसला हा धातू वितळतो, त्याला साधी कोळशाची शेगडी पुरते. तो लोखंडासारखा गंजत नाही. रस्त्याखालची माती खचली की बिडाचा पाईप तडकतो, शिशाची नळी मात्र मातीबरोबर निमूट खाली बसते. एकदा पुरली की तिच्याकडे पन्नास-शंभर वर्षं बघायला नको. निव्वळ गुणांची यादी समोर ठेवून नळासाठी धातू निवडायला सांगितलं तर कुणीही शिसंच निवडेल, आणि दोन हजार वर्षं लोकांनी तेच केलं.

युरोप-अमेरिकेतल्या शहरांत शिशाची नळी बहुतेक एका ठरलेल्या जागी सापडते. रस्त्याखालची मोठी जलवाहिनी बिडाची, घरातली नळजोडणी लोखंडाची किंवा तांब्याची, आणि या दोघांना जोडणारा मधला अरुंद तुकडा शिशाचा. या तुकड्याला तिथले लोक ‘सर्व्हिस लाईन’ म्हणतात. घर रस्त्यापासून किती आत आहे त्यावर तिची लांबी ठरते. आपण सोयीसाठी तीस फूट धरू. पाणी तलावातून निघतं, शुद्धीकरण केंद्रात गाळलं जातं, त्यात क्लोरिन पडतं, प्रयोगशाळा त्याला उत्तम असा शेरा देते, आणि मग मैलोन्‌मैल प्रवास करून आलेलं हे चांगलं पाणी शेवटच्या तीस फुटांत बिघडतं. त्यात आणखी एक गंमत आहे. बऱ्याच अमेरिकन शहरांत या तीस फुटांतला रस्त्याखालचा भाग नगरपालिकेचा आणि अंगणाखालचा भाग घरमालकाचा. बिघाड नेमका तिथे, जिथे कुणाची जबाबदारी आहे यावरच भांडण आहे.

शिसं घातक आहे हे आपल्याला अलीकडे कळलं, असा एक समज आहे. तो खोटा आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की, मातीच्या नळांतलं पाणी शिशाच्या नळांतल्या पाण्यापेक्षा आरोग्याला चांगलं. पुरावा हवा असेल तर शिसं ओतणाऱ्या कामगारांचे फिकट पडलेले चेहरे पाहा. रोमन लोकांनी ते वाचलं आणि शिशाचे नळ टाकत राहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टायबर नदीच्या आणि रोमच्या जुन्या बंदराच्या गाळाचं विश्लेषण करून असा निष्कर्ष काढला गेला की, रोमच्या नळाच्या पाण्यात स्थानिक झऱ्यांच्या मानानं शंभरपटीपर्यंत शिसं असावं. म्हणून रोमन साम्राज्य शिशानं बुडालं असं सांगणारे लोक भेटतात. गोष्ट रंगतदार आहे, पण पटण्यासारखी नाही. रोममध्ये पाणी अखंड वाहत असे, नळीत तुंबून राहत नसे. शिवाय तिथलं पाणी क्षारांनी जड, त्यामुळे नळ्यांना आतून चुन्याचा थर चढे. रोमन श्रीमंतांच्या पोटात जास्त शिसं गेलं असेल ते शिशाच्या भांड्यांत आटवलेल्या द्राक्षाच्या काकवीतून.

ही तुंबण्याची आणि थराची भानगड नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी कहाणी तिच्यावर उभी आहे. शिसं पाण्यात विरघळतं, पण किती विरघळेल हे पाण्याच्या स्वभावावर ठरतं. पाणी आम्लधर्मी आणि हलकं, म्हणजे क्षार कमी असलेलं असेल तर ते शिसं झपाट्यानं खातं. जड पाणी नळीच्या आतल्या बाजूला शिशाच्या कार्बोनेटचा आणि चुन्याचा थर बसवतं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना हा पांढरा थर वेगळा सांगायला नको. गिझरला तो मारक. शिशाच्या नळीत मात्र तोच पाण्याला धातूपासून दूर ठेवतो. थर टिकला तर शिशाच्या नळीतूनही बऱ्यापैकी निर्धोक पाणी येऊ शकतं. थर सुटला तर त्याच नळीतून, त्याच घरात, महिन्याभरात विष येऊ लागतं. आणि थर बसणं किंवा सुटणं हे नळीवर नाही, पाण्यात काय घातलं जातं त्यावर अवलंबून असतं.

ग्लासगो शहरानं याचा अनुभव शंभर वर्षांहून अधिक काळ घेतला. कॉलऱ्यानं हैराण झालेल्या या शहरानं डोंगरातल्या लॉख कॅट्रिन सरोवराचं पाणी आणायचं ठरवलं. १८५९ साली राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते योजनेचं उद्घाटन झालं. (त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत विहार तलावाचं पाणी आलं.) कॅट्रिनचं पाणी नितळ, चवीला गोड, क्षार जवळजवळ नाहीत, साबणाला भरपूर फेस येई म्हणून बायका खूश. हे हलकं पाणी शिशाला खातं, असा आक्षेप योजना संसदेपुढे होती तेव्हाच घेतला गेला होता. पण पटकीनं माणसं डोळ्यांसमोर मरत होती आणि शिशानं मरणारी दिसत नव्हती, त्यामुळे आक्षेप मागे पडला. माझ्या मते तो निर्णय चुकीचा नव्हता, चूक पुढची. घराघरांत शिशाच्या नळ्या आल्या, पोटमाळ्यावर शिशाचा पत्रा आतून मारलेल्या टाक्या बसल्या, आणि १९७०च्या दशकात ग्लासगोतल्या डॉक्टरांनी पाण्यातलं शिसं आणि मुलांची मानसिक वाढ यांचा संबंध तपासायला घेईपर्यंत कुणी मागे वळून पाहिलं नाही. १९७८ मध्ये पाण्यात चुना घालून त्याची आम्लता कमी करण्यात आली, १९८९ पासून ऑर्थोफॉस्फेट घालायला सुरुवात झाली. ऑर्थोफॉस्फेट शिशाशी संयोग पावून न विरघळणारं लेड फॉस्फेट तयार करतं आणि नळीला आतून अस्तर लावल्यासारखं काम होतं. ब्रिटनमध्ये आजही बहुतेक सार्वजनिक पाण्यात ते घातलं जातं. नळ्या मात्र अजून जमिनीतच आहेत.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही शहरं शिशाच्या नळ्यांवर बंदी घालू लागली होती. मग १९२८ मध्ये शिसं उत्पादकांनी आपली संघटना उभारली. तिच्या माणसांनी नगरपालिकांचे अधिकारी गाठले, प्लंबरांच्या संघटना गाठल्या, शिशाच्या नळाचे फायदे सांगणारं साहित्य वाटलं. शिशाचे सांधे करणं हे कसबाचं काम, ते येणाऱ्या प्लंबरची मजुरी जास्त. त्यामुळे प्लंबर मंडळींना पटवावं लागलं नाही. शिकागो शहराच्या बांधकाम नियमांत तर शिशाची सर्व्हिस लाईन सक्तीची होती, आणि ती सक्ती थेट १९८६ पर्यंत टिकली. त्या वर्षी केंद्रीय कायद्यानं देशभर शिशाच्या नव्या नळांवर बंदी आली म्हणून ती संपली. आज देशात सर्वांत जास्त शिशाच्या सर्व्हिस लाईन शिकागोत आहेत, जवळपास चार लाख. याच १९८६च्या कायद्यात ‘शिसेमुक्त’ तोटीची व्याख्या होती ‘आठ टक्क्यांपर्यंत शिसं असलेली’. ही व्याख्या बदलून पाव टक्क्यावर यायला २०१४ उजाडलं.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये जे घडलं ते या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण, पण पुढे फ्लिंट शहराच्या पाण्यावरून झालेल्या गदारोळात ते विसरलं गेलं. पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी क्लोरिनचा संयोग होऊन घातक उपउत्पादनं तयार होतात. ती कमी करण्यासाठी नोव्हेंबर २००० मध्ये तिथल्या जलविभागानं क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरायला घेतलं. हेतू चांगला, निर्णय नियमाला धरून. पण जोरदार क्लोरिनच्या सान्निध्यात शिशाच्या नळ्यांत लेड डायऑक्साइडचा पक्का थर बसला होता. क्लोरामाइन त्यामानानं मवाळ. त्यानं हा थर टिकेना. थर सुटला आणि शिसं पाण्यात आलं. पुढे सहा हजारांच्या आसपास घरांचं पाणी तपासलं तेव्हा चार हजारांहून अधिक घरांत शिसं लीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेबाहेर निघालं. रहिवाशांना हे नीट कळलं ते जानेवारी २००४ मध्ये, वॉशिंग्टन पोस्टच्या बातमीतून. देशाच्या रोगनियंत्रण केंद्रानं त्याच वर्षी घाईघाईनं अहवाल काढून काळजीचं फारसं कारण नाही असा सूर लावला. २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीनं चौकशी करून तो अहवाल शास्त्रीयदृष्ट्या टिकणारा नव्हता असं ठरवलं. या सगळ्यात पहिल्यापासून आरडाओरडा करत राहिलेला माणूस म्हणजे व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले अभियंते मार्क एडवर्ड्स.

वॉशिंग्टननं आणखी एक गोष्ट शिकवली. नगरपालिकेनं घाबरून आपल्या हद्दीतला, म्हणजे रस्त्याखालचा शिशाचा तुकडा काढून तांब्याचा टाकला आणि अंगणातला शिशाचा तुकडा तसाच ठेवला. अर्धं काम म्हणजे निम्मा धोका, असा सरळ हिशेब कुणीही करेल. पण कापताना, हादरवताना नळीतला थर निघाला, वर तांबं आणि शिसं एकमेकांना जोडल्यामुळे विद्युत-रासायनिक क्रिया होऊन शिसं जास्तच झिजू लागलं. अनेक घरांत पाणी आधीपेक्षा वाईट झालं.

आता फ्लिंट. मिशिगन राज्यातलं हे शहर जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर वाढलं आणि त्यांतले बरेचसे बंद पडल्यावर कंगाल झालं. नगरपालिकेचा कारभार राज्यानं नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या हातात गेला. लोकांनी निवडून दिलेल्या नगरसेवकांपेक्षा त्याच्या सहीला वजन. फ्लिंटला तोवर डेट्रॉइटकडून लेक ह्युरॉनचं शुद्ध केलेलं पाणी विकत मिळत होतं, ऑर्थोफॉस्फेट घातलेलं. पैसे वाचवण्यासाठी नवी जलवाहिनी होईपर्यंत गावातल्या फ्लिंट नदीचं पाणी वापरायचं ठरलं. २५ एप्रिल २०१४ रोजी महापौरांनी बटण दाबलं आणि जमलेल्या मंडळींनी नदीच्या पाण्याचे पेले उंचावले.

लोक म्हणतात फ्लिंट नदी घाण होती. ती काही गंगोत्री नव्हती हे खरं, पण शिसं नदीत नव्हतं. नदीच्या पाण्यात क्लोराइडचं प्रमाण डेट्रॉइटच्या पाण्याच्या जवळपास आठपट होतं, आणि क्लोराइड धातू खातं. त्याला आवर घालणारं ऑर्थोफॉस्फेट घालणं थांबवण्यात आलं. केंद्रीय नियम असा की, मोठ्या शहराच्या पाण्यात गंजरोधक प्रक्रिया हवीच. राज्याच्या पर्यावरण खात्यानं त्याचा अर्थ लावला की, आधी सहा-सहा महिन्यांच्या दोन फेऱ्यांत तपासणी करू, मग गरज वाटली तर बघू. म्हणजे औषध द्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी वर्षभर लोकांना ते पाणी पाजायचं! त्या रसायनाचा खर्च दिवसाला शे-दीडशे डॉलरच्या घरात आला असता.

पहिली दाद मिळाली ती यंत्रांना. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं तक्रार केली की या पाण्यानं सुटे भाग गंजतात. कारखान्याला शेजारच्या भागातून लेक ह्युरॉनचं पाणी जोडून मिळालं. माणसांना आणखी एक वर्ष तेच पाणी प्यावं लागलं. पाणी तांबूस येतंय, अंगावर पुरळ उठतंय, केस गळताहेत, असं सांगत लोक बाटल्या घेऊन सभांना जात, आणि पाणी नियमांत बसतं असं उत्तर घेऊन परत येत.

लीॲन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईनं पिच्छा सोडला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिच्या घरच्या पाण्यात लीटरला १०४ मायक्रोग्रॅम शिसं निघालं, मार्चमध्ये ३९७. केंद्रीय पर्यावरण संस्थेतले मिगेल डेल टोरल यांनी तिचं ऐकलं आणि नमुने एडवर्ड्स यांच्याकडे गेले. एका नमुन्यात १३,२०० मायक्रोग्रॅम शिसं होतं. लीटरला ५,००० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलेलं द्रावण अमेरिकेत घातक कचरा मानतात. डेल टोरल यांनी जूनमध्ये अंतर्गत टिपण लिहिलं; संस्थेनं त्यांनाच बाजूला सारलं.

नियमांत बसतं हे उत्तर कसं तयार होत होतं, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकी नियमानुसार शहरातली काही घरं निवडून नमुने घ्यायचे, आकडे चढत्या क्रमानं लावायचे आणि नव्वदाव्या टक्क्यावरचा आकडा १५ मायक्रोग्रॅमच्या आत आहे का ते बघायचं. म्हणजे दर दहा घरांतल्या एका घरात शिसं कितीही असलं तरी शहर पास. एवढी सवलत असूनही हुशारी करावी लागली. रहिवाशांना सांगितलं जाई की, नमुना घ्यायच्या आदल्या रात्री नळ पाच मिनिटं धो धो सोडा. त्यानं नळीत सुटलेले शिशाचे कण आधीच वाहून जातात. शिशाच्या नळ्या असलेली घरं शोधून निवडायची असतात, ती निवडली नव्हती. २०१५च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने आले. त्यांतले दोन कारण दाखवून वगळले, उरलेल्या ६९ नमुन्यांवर आकडा निघाला ११. वगळलेल्या दोनांपैकी एक वॉल्टर्स बाईंच्या घरचा होता. ते दोन ठेवले असते तर शहर नापास.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी हर्ली वैद्यकीय केंद्रातल्या बालरोगतज्ज्ञ मोना हाना-अटिशा यांनी पत्रकार परिषद घेतली. पाण्याच्या बाटल्यांवर वाद घालता येतो, म्हणून त्यांनी मुलांच्या रक्ताचे आकडे मांडले: रक्तात जास्त शिसं असलेल्या लहान मुलांचं प्रमाण पाणी बदलल्यानंतर जवळपास दुप्पट झालं होतं. सरकारी प्रवक्त्यांनी आधी त्यांच्यावरच तोंडसुख घेतलं, आठवडाभरात मात्र आकडे मान्य करावे लागले. १६ ऑक्टोबरला डेट्रॉइटचं पाणी परत जोडलं गेलं. दरम्यान लिजिओनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजारानं बारा माणसं दगावली होती.

पुढे नळ्या बदलायला घेतल्या तर कोणत्या घरी कसली नळी आहे हेच पालिकेला ठाऊक नव्हतं. पंचेचाळीस हजारांच्या आसपास जुनी कार्डं होती, काहींवर पुसट पेन्सिलीनं लिहिलेलं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकाकडून अंदाज काढून दिले, तेव्हा खोदलेल्या बहुतेक ठिकाणी शिसं सापडू लागलं; मग काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेलं, अंदाज बाजूला पडले, आणि चांगल्या नळ्यांसाठी रस्ते खणले गेले. २०२५ मध्ये हे काम संपत आलं तेव्हा जवळपास ११,००० शिशाच्या नळ्या बदलून झाल्या होत्या.

हे काम इतकं रडत-खडत करावं लागतं असं नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरानं फॉस्फेट आमच्या तळ्यांत शेवाळ माजवेल म्हणून ते नाकारलं आणि २००१ पासून दहा-अकरा वर्षांत आठ हजारांच्या आसपास शिशाच्या नळ्या, घरमालकाच्या अंगणातल्या भागासकट, उपटून काढल्या. न्यू जर्सीतल्या नेवार्कनं तीन वर्षांच्या आत तेवीस हजार बदलल्या. २०२४ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेनं देशातल्या नव्वद लाखांच्या आसपास नळ्या दहा वर्षांत काढण्याचा नियम केला आणि १५ची मर्यादा १०वर आणली. नियम झाला म्हणजे काम झालं असं मी धरणार नाही.

शिसं शरीरात करतं काय? शरीर त्याला कॅल्शियम समजतं. मज्जापेशींच्या सांध्यांवर जिथे कॅल्शियमनं काम करायचं तिथे हे जाऊन बसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या साखळीत ते खोडा घालतं. हाडांत जाऊन वर्षानुवर्षं मुक्काम करतं आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघू लागलं की त्याच्याबरोबर बाहेर येऊन बाळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहा टक्क्यांच्या आसपास रक्तात उतरतं, लहान मुलाच्या बाबतीत चाळीस-पन्नास टक्के. पोट रिकामं असेल, लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी. भारतात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे, हे इथे आठवावं. एवढं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताप येत नाही, उलटी होत नाही. मूल थोडं हट्टी, थोडं मागे पडणारं होतं आणि शाळा त्याला ढ म्हणते.

मग आपलं काय? आपल्याकडच्या जुन्या शहरांत बिडाचे आणि नंतर जीआय पाईप आले. शिसं होतं ते बिडाच्या पाईपांच्या सांध्यांत: आधी सुतळीचा काथ्या ठोकायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं आणि छिन्नीनं ठासायचं. पाण्याचा आणि त्या शिशाचा संबंध फार थोडा. आपल्याकडचं शिसं वेगळ्या दारानं आलं, आणि ते दार प्लास्टिकचं आहे.

पीव्हीसी तापवून पाईप ओढताना ते विघटित होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात. शिशाची संयुगं हे काम स्वस्तात आणि चोख करतात, त्यामुळे युरोपातल्या उद्योगांनी ती सोडून कॅल्शियम-झिंक धरल्यानंतरही आपल्याकडे ती बराच काळ वापरात राहिली. असा पाईप नवा असताना पृष्ठभागावरचं शिसं पाण्यात जास्त उतरतं, पुढे कमी होत जातं. गच्चीवर उन्हात तापत पडलेल्या पाईपमध्ये पुन्हा वाढू शकतं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं पीव्हीसी पाईपमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरवर निर्बंध आणणारे नियम काढले. त्याआधी बसवलेले पाईप इमारतींच्या डक्टमध्ये आहेत तसेच आहेत. दुसरा संशयित म्हणजे पितळी तोटी. पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं मिसळतात; भंगारातून ओतलेल्या स्वस्त तोटीत किती असेल याचा भरवसा नाही.

खरं सांगायचं तर भारतात शिशाच्या बाबतीत पाणी हा पहिला आरोपी नाही. २०२० साली युनिसेफनं एका संस्थेबरोबर काढलेल्या अहवालात भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात चिंता करावी इतकं शिसं असल्याचा अंदाज होता. त्यामागे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, रंग, रंगवलेली हळद, भंगाराची ॲल्युमिनियमची भांडी, काही भस्मं, सुरमा असे अनेक आहेत. कथलात शिसं मिसळून केलेली स्वस्त कल्हई हाही त्यातलाच प्रकार. पण पाणी रोज पोटात जातं आणि त्याबद्दल काही करणं त्यामानानं सोपं आहे, म्हणून ते सोडून देण्यात अर्थ नाही.

आपल्या घरांत शिळं पाणी पिऊ नये म्हणून कळशी रोज रिकामी करून घासून भरायची पद्धत आहे. नळीतल्या पाण्यालाही ती लावावी. रात्रभर तोटीत आणि पाईपमध्ये थांबलेलं पाणी झाडांना, फरशीला वापरावं; धार मोकळी झाली की मग पिण्याचं भरावं. पिण्या-शिजवण्यासाठी गिझरचं किंवा सोलरचं गरम पाणी घेऊ नये; गरम पाणी शिसं जास्त ओढतं. आमटी लवकर उकळावी म्हणून सोलरचं पाणी पातेल्यात घेणारी बरीच घरं मला माहीत आहेत. नवीन पाईप टाकल्यावर पहिले काही दिवस पाणी भरपूर वाहू द्यावं. तोटीच्या तोंडाची जाळी अधूनमधून काढून धुवावी, तिच्यात धातूचे कण अडकतात.

उकळण्यानं जंतू मरतात, शिसं मरत नाही. पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं, म्हणजे दाट होतं. तुरटी, कँडलचा फिल्टर, यूव्ही, तांब्याचा हंडा यांच्यावर शिशासाठी विसंबू नये. आरओ शिसं काढतो. खास शिशासाठी प्रमाणित केलेला कार्बन फिल्टरही काढतो. आरओ विकायला आलेला माणूस पाण्यात टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, त्याचा शिशाशी काही संबंध नाही. मीटर लीटरला दीडशे-दोनशे मिलिग्रॅम असे क्षार मोजतं. भारतीय मानकानुसार शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. मर्यादेच्या दहापट शिसं असलं तरी त्या मीटरचा काटा हलणार नाही. शिसं मोजायला प्रयोगशाळाच लागते.

ज्यांची मुलं-नातवंडं शिकागोत, जर्सीत किंवा इंग्लंडात जुन्या घरांत राहतात, त्यांनी फोनवर एवढं विचारावं: घरात पाणी शिरतं ती नळी कसली आहे? नाण्यानं हलकेच खरवडली आणि आत चकचकीत चंदेरी दिसलं, लोहचुंबक चिकटलं नाही, तर ती शिशाची. अशा घरात बाळाच्या दुधाच्या पावडरीत फिल्टर न केलेलं पाणी वापरू नये, आणि बहुतेक शहरं तपासणी करून देतात ती मागून घ्यावी.

इथे तपासणी करून घ्यायची असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत धातूंची, त्यात शिशाची, असं स्पष्ट सांगून नमुना द्या. नेहमीच्या तपासणीत शिसं असेलच असं नाही. जंतूंसाठी नमुना घेताना आधी नळ दोन-तीन मिनिटं सोडतात, आणि तिथे ते बरोबरही आहे. शिशासाठी मात्र नळ किमान सहा तास बंद ठेवा, आणि सकाळी कुणी हात धुवायच्या आधी, एक लीटरची स्वच्छ बाटली पहिल्याच धारेखाली धरा.